स्वालबार्डला जायचंय? आधी प्राणी ठरवा, मग तारीख

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या सहलींच्या जाहिरातींत पांढरं अस्वल पानभर पसरलेलं असतं, मिशा मोजता येतील इतकं जवळ. तो फोटो बघून पैसे भरणार असाल तर जरा थांबा. १ जानेवारी २०२५ पासून तिथे नवे नियम लागू झाले आहेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. ३०० मीटर म्हणजे क्रिकेटची दोन मैदानं एकापुढे एक. एवढ्या अंतरावरून नुसत्या डोळ्यांना अस्वल म्हणजे बर्फावरचा पिवळट ठिपका दिसतो. फोनच्या कॅमेऱ्यात तर तोही सापडत नाही.

माझ्या मते नियम चांगला आहे, आणि त्यामुळे सहलीची आखणीही सोपी होते. अस्वल दिसलं तर दिसलं. नक्की दिसतील असे इतर प्राणी-पक्षी भरपूर आहेत, त्यांच्यासाठी महिना निवडायचा आणि उत्तम दुर्बीण घेऊन जायचं. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

आधी जागेची ओळख. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांमध्ये हा द्वीपसमूह आहे. स्पिट्सबर्गन हे त्यातलं सर्वांत मोठं बेट आणि लाँगइयरब्येन हे त्यावरचं मुख्य गाव. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. कोळशाच्या खाणीसाठी एका अमेरिकन उद्योजकाने १९०६ साली हे गाव वसवलं. तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे पश्चिम किनारा इतक्या उत्तरेला असूनही उन्हाळ्यात मोकळा होतो, जुलैत तापमान ५ ते ७ अंशांवर असतं. म्हणूनच तुमच्याआमच्यासारख्यांना तिथे जाता येतं.

पहिली पायरी: महिना

मार्च ते मेच्या मध्यापर्यंत उजेडाचा हिवाळा असतो. चार महिने गायब असलेला सूर्य ८ मार्चच्या सुमारास गावात पोचतो, आणि जुन्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर जमून लोक त्याचं स्वागत करतात. पारा उणे १० ते उणे २० आणि वर वारा. स्नोमोबाइल आणि कुत्र्यांची घसरगाडी यांचा हा मोसम. निसर्ग भव्य असतो, पण प्राणी मोजकेच: रेनडिअर, टार्मिगन नावाचा पांढराशुभ्र रानकोंबडा, नशीब असेल तर कोल्हा. एप्रिलमध्ये हिमचिमण्या परततात आणि अनेक महिन्यांनी गावात पाखराचं गाणं ऐकू येतं.

जूनमध्ये चोवीस तास ऊन. खरं तर सूर्य २० एप्रिलच्या सुमारालाच मावळायचा थांबलेला असतो, तो ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. बदकं आणि हंस अंड्यांवर बसतात. उत्तरेकडे समुद्रबर्फ अजून टिकून असतो, त्यामुळे जहाजं बर्फाच्या कडेपर्यंत जाऊन परत फिरतात. सील बर्फावर पहुडतात आणि त्यांच्यामागे अस्वलं येतात. मात्र ५०० मीटरचा नियम ३० जूनपर्यंत आहे, हे विसरू नका. जमिनीवर बर्फ वितळून चिखल झालेला असतो.

जुलै आणि ऑगस्टचे सुरुवातीचे दिवस ही माझी निवड, कारण पक्ष्यांचे कडे. हिनलोपेन सामुद्रधुनीत आल्कफियेलेट नावाचे काळे उभे कडे आहेत. त्यांच्या अरुंद कपारींवर ब्रूनिकचे गिलेमॉट हजारोंच्या संख्येने दाटीवाटीने उभे असतात. घरटं नाही, गवताची काडी नाही, नुसत्या दगडावर एकच अंडं. अंड्याचं एक टोक चांगलंच निमुळतं असतं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की, पुरतं उडता येत नसतानाच, कड्यावरून खाली उडी टाकतं. बाप सोबत झेपावतो, पाण्यात त्याला गाठतो आणि दोघं पोहत दूर समुद्रात निघून जातात. जी पिल्लं पाण्याऐवजी जमिनीवर पडतात त्यांच्यासाठी कोल्हे खाली वाटच बघत असतात. जुलैच्या अखेरीला हे सुरू होतं. तेव्हा तिथे असाल तर अस्वल दिसलं नाही याची हळहळ फारशी उरणार नाही. कड्यांचा वास मात्र बराच आधीपासून येतो.

ऑगस्टच्या मध्यानंतर कडे रिकामे होऊ लागतात. सप्टेंबरमध्ये टुंड्रा तांबूस-पिवळा होतो, सूर्यास्त दिसतात, पक्षी जवळजवळ संपतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत गडद ध्रुवीय रात्र. भरदुपारी ध्रुवप्रकाश दिसू शकतो अशी ही विरळ जागा आहे, पण वन्यजीवांसाठी या दिवसांत जाण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: गावात मुक्काम की जहाज

दोन्ही चालतं, पण दोन्हींतून मिळतं वेगळं.

गावात राहून रोज एकेका सहलीला जाणं तुलनेने स्वस्त. हिवाळ्यात स्नोमोबाइलची सहल, उन्हाळ्यात बोटीने वॉलरस बघायला, हिमनदीच्या तोंडाशी किंवा पिरॅमिडेन या १९९८ साली ओस पडलेल्या सोव्हिएत खाणगावाकडे. बारेन्ट्सबुर्ग या दुसऱ्या रशियन वस्तीशी स्थानिक पर्यटन व्यावसायिकांनी २०२२ नंतर संबंध कमी केले आहेत, त्यामुळे किनाऱ्यावर उतरवणार की नाही ते आधी विचारा. वॉलरस, रेनडिअर आणि बरेचसे पक्षी या एकेक दिवसाच्या सहलींतही दिसतात. अस्वल दिसण्याची शक्यता कमी.

जहाजाची सहल आठ-दहा दिवसांची असते आणि माणशी काही लाखांत जाते. अस्वल दिसण्याची खरी शक्यता इथेच, कारण जहाज उत्तरेच्या आणि पूर्वेच्या ओसाड भागात जातं. निवडताना केबिनच्या आकारापेक्षा प्रवासी किती, हे बघा. संरक्षित क्षेत्रांत २०० हून जास्त प्रवाशांच्या जहाजांना आता मनाई आहे, आणि तिथे किनाऱ्यावर उतरायला फक्त ४३ ठिकाणं ठरवून दिली आहेत. प्रवासी जास्त असले की आळीपाळीने उतरावं लागतं आणि तुमच्या वाट्याला येणारा वेळ घटतो. शंभराच्या आतलं जहाज मिळालं तर उत्तम. बुकिंगआधी तीन प्रश्न विचारा: एका वाटाड्यामागे किती माणसं, दिवसातून किती वेळा उतरवता, आणि मोठा डेक सगळ्यांना खुला असतो का? दुर्बिणीने टेहळणी करायची तर तासन्‌तास डेकवरच उभं राहायचं असतं.

“अस्वल नक्की दाखवू” असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ती कंपनी यादीतून काढा. अस्वलाचा पाठलाग करणं, त्याला आमिष दाखवणं, त्याला त्रास देणं हा तिथे गुन्हा आहे. या बेटांवर कायम राहणारी अस्वलं साधारण ३०० आहेत. बाकीची समुद्रबर्फाबरोबर येतात-जातात, आणि बर्फ कुठे असेल हे कुणाच्या हातात नाही.

तिसरी पायरी: व्हिसा, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो

स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारानुसार सदस्य देशांच्या नागरिकांना तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा समान हक्क आहे. त्या करारावर ब्रिटिश भारताचीही सही आहे. स्वतःचा खर्च भागवता येत असेल तर कोल्हापूरचा माणूस उद्या लाँगइयरब्येनला बिऱ्हाड थाटू शकतो.

पण पोचणार कसं? विमानं ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून सुटतात. म्हणजे नॉर्वेतून जावं लागतं, आणि नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. स्वालबार्ड मात्र शेंगेनच्या बाहेर. तुम्ही ऑस्लोला उतरता तेव्हा पहिला प्रवेश होतो. स्वालबार्डला निघालात की शेंगेनमधून बाहेर पडलात. परत ऑस्लोला आलात की दुसरा प्रवेश. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. म्हणून अर्जातच दोनदा किंवा अनेकदा प्रवेशाचा व्हिसा मागा आणि सोबत स्वालबार्डची तिकिटं, राहण्याचं किंवा जहाजाचं बुकिंग जोडा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यातल्या तारखांसाठी गर्दी असते, तेव्हा रेंगाळू नका. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी निवास परवान्यासोबत पासपोर्टही घ्यावा, कारण नॉर्वेच्याच विमानतळावर पासपोर्ट तपासतात.

शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यात स्वालबार्डचा समावेश आहे का आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च धरला आहे का, हे कागदावर तपासा. गावातलं रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला हलवतात.

चौथी पायरी: बॅग

थंडीपेक्षा वारा आणि ओल जास्त छळतात. अंगालगत लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा जाड स्वेटर, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट. सुती काहीही अंगाला लागू देऊ नका. सुती गंजी घामाने भिजली की वाळत नाही आणि तासाभरात तुम्ही काकडायला लागता. जीन्स घरीच ठेवा. हातांसाठी आत पातळ हातमोजे आणि वर चारही बोटं एकत्र राहतील असे जाड मिटन. बूट एक माप मोठे घ्या. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाले तर पाय जास्त गारठतात. कानटोपी, गळ्याला बफ (नळीसारखा ताणणारा रुमाल), काळा चष्मा आणि सनस्क्रीन लागतंच, बर्फावरून परतणारं ऊन चेहरा भाजून काढतं. स्नोमोबाइलसाठीचा जाड सूट, हेल्मेट आणि बूट सहलवाले देतात. अनेक जहाजं गमबूटही देतात. ते विचारूनच खरेदीला निघा, नाहीतर मुंबईत पुन्हा कधी न लागणाऱ्या कपड्यांवर पन्नास हजार उडतील. चोवीस तास उजेड असल्याने झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. बोट लागणाऱ्यांनी गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्याव्यात.

आता दुर्बीण. ८×४२ किंवा १०×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. हलत्या जहाजावर मी ८ पटीचीच सुचवीन, कारण दहा पटीत हाताचा कंपही दहा पट होतो. घरात एक दुर्बीण आणि माणसं चार, असं करू नका. अस्वल दिसल्यावर कुणी कुणाला दुर्बीण देत नाही. निघण्याआधी दोन-चार सकाळी भिगवणला किंवा ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघत सराव करा. डोळा लक्ष्यावर ठेवून दुर्बीण नजरेसमोर आणायची सवय लागायला वेळ लागतो, आणि ती तिथे जाऊन लावून घेण्यात महागाचे दिवस वाया जातात.

टेहळणीची रीत साधी आहे. कोपर कठड्यावर टेकवा. समोरचा किनारा डावीकडून उजवीकडे पट्ट्यापट्ट्याने बघा, प्रत्येक पट्टा दोनदा. बर्फ निळसर पांढरा असतो, अस्वल मात्र सायीसारखं पिवळसर. पिवळट दगड खूप फसवतात. संशय आला की त्याच जागी पाच मिनिटं नजर ठेवा, दगड हलत नाही.

कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स असावी. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. थंडीतून केबिनमध्ये येताना कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून आणा आणि तो खोलीइतका गरम झाल्यावरच उघडा, म्हणजे आत दव धरणार नाही. ड्रोन नेऊच नका. संरक्षित क्षेत्रांत बंदी आहे, आणि इतरत्रही परवानग्यांची कटकट.

खाण्याचं: जहाजाला शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. गावात मोठं किराणा दुकान आहे, पण सगळं बाहेरून येतं आणि महाग असतं. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळपोळ्या बिनधास्त न्या. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नॉर्वेत नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी नको.

पाचवी पायरी: गावात पोचल्यावर

हॉटेलात आणि संग्रहालयात दारातच बूट काढायचे. खाणकामगारांच्या काळातली, कोळशाची काजळी आत येऊ नये म्हणून पडलेली ही पद्धत आपल्याला शिकवावी लागत नाही. पैसे सगळीकडे कार्डाने. दारू घ्यायची असेल तर विमानाचा बोर्डिंग पास दाखवावा लागतो. मांजर पाळायला बंदी आहे, पक्ष्यांसाठी.

गाव संपतं तिथे त्रिकोणी पाटीवर अस्वल रंगवलेलं असतं. त्याखाली लिहिलेलं असतं की हा इशारा सगळ्या स्वालबार्डला लागू आहे. फोटो काढा आणि मागे फिरा. वाटाड्याशिवाय आणि त्याच्याकडच्या बंदुकीशिवाय त्यापुढे जायचं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये विमानतळाजवळच्या कॅम्पिंगच्या जागेत तंबूत झोपलेल्या एका माणसाचा अस्वलाने जीव घेतला, आणि ती जागा गावापासून लांब नाही.

पाटीच्या अलीकडेही बरंच काही दिसतं. आखूड पायांचे, गुबगुबीत स्वालबार्ड रेनडिअर घरांमधून चरत फिरतात. ही उपजात जगात फक्त इथे आहे. शिकारीने ती संपत आली होती, १९२५ साली संरक्षण मिळालं आणि ती सावरली. जूनमध्ये आडव्हेंट दरीत कुत्र्यांच्या आवाराला लागून आयडर बदकं घरटी करतात. कुत्र्यांच्या भुंकण्याला कोल्हे बिचकतात, म्हणून त्यांना तिथे सुरक्षित वाटतं. आर्क्टिक कुररी हा समुद्रपक्षी, त्याच्या घरट्याजवळ गेलात तर थेट डोक्यावर झडप घालते, रक्तही काढते. काठी किंवा हात डोक्यावर उंच धरा, ती सर्वांत उंच टोकावर हल्ला करते. आणि आल्या पावली परत फिरा. कोल्हा माणसाळलेला वाटला तरी त्याला हात लावू नका, स्वालबार्डमध्ये रेबीज आहे.

बियाण्यांची जागतिक तिजोरी २००८ पासून इथेच आहे. हैदराबादच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेची वाणंही तिथे ठेवलेली आहेत. पर्यटकांना आत प्रवेश नाही, डोंगरातून बाहेर आलेलं दार तेवढं बघायचं.

सहावी पायरी: किनाऱ्यावर उतरताना

जहाजावर पहिल्या दिवशी बूट, बॅगा आणि जॅकेटची वेल्क्रो साफ करायला लावतात. त्यात अडकलेलं गवताचं बी तिथे रुजू नये म्हणून. २०२३ मध्ये स्वालबार्डला एक वॉलरस बर्ड फ्लूने मेला, तेव्हापासून बूट जंतुनाशकात बुडवण्याबाबत सगळे अधिकच काटेकोर झालेत. रबरी बोटीत चढताना नाविकाचा हात मनगटापाशी धरा, त्यानेही तुमचं मनगट धरलं पाहिजे. नुसते पंजे ओल्या हातमोज्यांतून निसटतात.

आधी वाटाडे उतरून आजूबाजूचं टेकाड तपासतात, मग तुम्ही. रांगेतून बाजूला होऊन एकट्याने फोटो काढायला जाणारा माणूस सगळ्या गटाला अडचणीत आणतो.

वॉलरसकडे वाऱ्याच्या उलट दिशेने, खाली वाकून, गटाने आणि टप्प्याटप्प्याने जातात. त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये कधीही यायचं नाही. एकाने मान वर केली तर थांबा. दोन-तिघांनी केली तर मागे सरका. कळप घाबरून पाण्याकडे धावला तर पिल्लं चिरडतात. इंजिनाच्या बोटींना त्यांच्या किनाऱ्यापासून १५० मीटर लांब राहावं लागतं. तीनशे वर्षांच्या कत्तलीनंतर १९५२ साली संरक्षण मिळालं तेव्हा इथे जेमतेम काही वॉलरस उरले होते. आज ते काही हजारांवर आहेत.

किनाऱ्यावर गंजका खिळा, मोडकी फळी, व्हेलचं जुनं हाड दिसेल. काहीही उचलू नका. १९४६ पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण, कचऱ्याचा ढीगसुद्धा, कायद्याने जपलेली आहे.

जहाज नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या गावाला थांबलं तर तिथे हिमाद्री हे भारताचं संशोधन केंद्र बाहेरून बघायला मिळतं. ते जुलै २००८ मध्ये सुरू झालं, आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. गावात रेडिओ लहरी वापरणारी नाजूक उपकरणं आहेत, म्हणून उतरण्याआधीच फोन, घड्याळ, इअरफोन सगळ्यांचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायचं. रस्ता सोडून गवतावर पाय ठेवायचा नाही.

परतीची तिकिटं

धुकं आणि वारा यांमुळे लाँगइयरब्येनची विमानं खोळंबतात. जाताना जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी गावात पोचा, आणि येताना ऑस्लोत एक रात्र ठेवा. लाँगइयरब्येन–ऑस्लो आणि ऑस्लो–मुंबई ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर ही रात्र वाचवायच्या फंदात पडू नका, कारण पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर त्याची जबाबदारी कुणी घेत नाही. ऑस्लोला उतरल्यावर पुन्हा पासपोर्टची रांग असते. तेव्हा व्हिसा आणि पुढचं तिकीट हाताशी ठेवा, बुक केलेल्या बॅगेत नाही.